दिंडोरीची वाईन, दिंडोरीचा मोह आणि दारूची जात

या देशात दिंडोरी नावाची दोन ठिकाणं आहेत. एक नाशिक जिल्ह्यातला तालुका. त्याच्या नावाची वाईन मिळते. सुला कंपनीची ‘दिंडोरी रिझर्व शिराझ’ मोठ्या शहरांतल्या हॉटेलांत काचेच्या नाजूक पेल्यात ओतली जाते आणि पिणारा माणूस पहिल्या घोटाआधी ती हुंगतो. दुसरी दिंडोरी म्हणजे मध्य प्रदेशातला जिल्हा. जबलपूरहून कुंडममार्गे निघालं की वाटेत शहपुरा लागतं आणि पुढे दिंडोरी. हा गोंड आणि बैगांचा मुलूख. इथे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं गळतात, बाया पहाटे अंधारात टोपल्या घेऊन झाडाखाली जातात, अंगणात फुलं वाळवतात. त्या फुलांची दारू गाळली जाते. तिला पिढ्यान्‌पिढ्या कोणी हुंगलं नाही. तिच्या वासावरून पोलीस मात्र घरात शिरले.

दोन्ही दिंडोरी विधानसभेसाठी अनुसूचित जमातींना राखीव आहेत. दोन्हीकडे फळाफुलातल्या साखरेचं मद्य होतं. मग एका मद्याला ‘उद्योग’ म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘गुन्हा’, हे कोणी ठरवलं? माझं म्हणणं सरळ आहे: भारतात दारूला जात असते. ती जात बाटलीत काय आहे यावरून ठरत नाही, बाटली कोणाच्या हातात आहे यावरून ठरते.

आधी वाईनची गोष्ट पाहू. तिची वाढ बाजारात आपोआप झाली असा समज आहे. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. उत्पादन शुल्कात माफी दिली, विंचूर आणि पलूस इथे वाईन पार्क उभे केले. पुढे वाईनवरच्या २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के रक्कम उत्पादकांना प्रोत्साहन म्हणून परत द्यायची योजना आली. नाशिकच्या वाईनला भौगोलिक मानांकन मिळालं. द्राक्षबागेतली सहल, पायाने द्राक्षं तुडवायचा खेळ, संगीत महोत्सव, ‘वाईन टुरिझम’ हा शब्द, हे सगळं त्यामागून आलं. डिसेंबर २०२२ मध्ये सुलाने सुमारे ९६० कोटी रुपयांचे शेअर बाजारात विकले. म्हणजे सरकारने वीस वर्षं बोट धरून चालवलं, तेव्हा कुठे हे मूल धावायला लागलं. उद्योगाला आधार देण्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच की बोट कोणाचं धरलं आणि मनगट कोणाचं पिरगाळलं.

जानेवारी २०२२ आठवा. महाराष्ट्रात महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. संजय राऊत म्हणाले, वाईन म्हणजे दारू नव्हे. शेतकऱ्याचं भलं होईल असंही सांगितलं गेलं. देवेंद्र फडणवीस म्हणाले, महाराष्ट्राचं मद्यराष्ट्र करताय. त्याच महिन्यात फडणवीसांच्याच पक्षाच्या मध्य प्रदेश सरकारने नवं अबकारी धोरण मंजूर केलं. वर्षाला एक कोटी रुपये उत्पन्न असलेल्या माणसाने ५० हजार रुपये फी भरली की त्याला घरातच बार थाटायची मुभा मिळाली. राज्यात पिकलेल्या द्राक्षांच्या वाईनला शुल्कमाफी मिळाली. दोन राज्यं, दोन विरोधी आघाड्या आणि एकच समज: पैसेवाल्याचं पिणं ही जीवनशैली असते, तिची सोय करायला हवी.

आता मोहाकडे येऊ. मध्य प्रदेशचा अबकारी कायदा आहे १९१५ चा. इंग्रजांच्या सेंट्रल प्रोव्हिन्सेसचा, ज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, म्हणून हा इतिहास मराठी वाचकालाही परका नाही. मुंबई इलाख्यात तर १८९२ साली खास मोहाच्या फुलांसाठी कायदा झाला. कारण साधं होतं. झाडाखाली फुकट पडणाऱ्या फुलावर कर बसवता येत नाही. घरोघरी दारू गाळली गेली तर मक्तेदाराच्या गुत्त्यावर कोण जाणार आणि सरकारचा महसूल कुठून येणार? म्हणून आदिवासीची हांडी गुन्हा ठरली आणि मक्तेदाराची भट्टी कायदेशीर. नैतिकतेचा मुलामा नंतर चढला.

इंग्रज गेले, कायदा राहिला. आजही मध्य प्रदेशात बेकायदा दारू ५० लिटरवर गेली की किमान एक वर्षाचा तुरुंग आहे आणि जामीनही सहज मिळत नाही. आदिवासींना सूट आहे, पण ती अनुसूचित क्षेत्रात आणि घरगुती वापरापुरती. त्या सुटीचा अर्थ समजून घ्यायला शहपुरा हे नाव पुरेसं आहे. जबलपूरच्या आसपास शहपुरा नावाची दोन गावं आहेत. एक दिंडोरी जिल्ह्यातलं, ते अनुसूचित क्षेत्रात येतं. दुसरं जबलपूर जिल्ह्यातलं, भिटौनी रेल्वे स्टेशनजवळचं. ते येत नाही, कारण जबलपूर जिल्ह्यातला फक्त कुंडम विभाग त्या यादीत आहे. नाव तेच, फूल तेच, हांडी तीच. नकाशावरची रेघ ओलांडली की परंपरेवरचं कायद्याचं छत्र उडालं.

आणि ज्यांचं नाव अनुसूचित जमातींच्या यादीतच नाही त्यांचं काय? जबलपूर-भोपाळकडच्या कुचबंधिया समाजाचं उदाहरण घ्या. हा विमुक्त समाज. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींना जन्मतःच चोर ठरवलं. कायदा १९५२ साली गेला, पोलीस ठाण्यातली नजर गेली नाही. भोपाळच्या ‘क्रिमिनल जस्टिस अँड पोलीस अकाउंटेबिलिटी प्रोजेक्ट’ने २०२१ साली मध्य प्रदेशातल्या अबकारी कारवाईचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जबलपूरच्या नोंदीही तपासल्या होत्या. चित्र तेच निघालं: थोड्याशा मोहाच्या दारूसाठी त्याच त्या वस्त्यांवर, त्याच त्या माणसांवर पुन्हा पुन्हा गुन्हे. आपल्याकडे कंजारभाट वस्तीत जाऊन विचारा, हीच कहाणी मराठीत ऐकायला मिळेल.

इथे कोणी म्हणेल, वाईन आंबवलेली असते, मोहाची दारू गाळलेली; तीव्रता वेगळी, तुलना चुकीची. ठीक आहे. पण व्हिस्कीही गाळलेलीच असते. एक कोटीवाल्याच्या घरच्या बारमध्ये द्राक्षाचा रस नसतो. कोणी म्हणेल, हातभट्टीने माणसं मरतात. मरतात, आणि जानेवारी २०२१ मध्ये मुरैनात मेली तेव्हा त्याच वर्षी सरकारने विषारी दारूच्या मृत्यूंसाठी फाशीपर्यंतची तरतूद केली. पण अशा दुर्घटनांत माणसं मारते ती कारखान्यातल्या रासायनिक अल्कोहोलची भेसळ आणि तिच्यामागची साखळी. ती साखळी झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बाईपासून सुरू होत नाही. तरीही धाड तिच्याच चुलीवर पडते, कारण तिथे जाणं सोपं असतं आणि तिच्याकडे वकील नसतो.

मग ‘हेरिटेज’ आलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये मंडला इथे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी मोहाची दारू हेरिटेज मद्य म्हणून विकायची घोषणा केली. दिंडोरीत आदिवासी महिलांच्या बचत गटाची ‘मोंड’ आणि अलीराजपूरमध्ये ‘मोहुलो’ अशा बाटल्या तयार झाल्या. या बायांच्या हातात चार पैसे येत असतील तर त्याचं स्वागत. पण हेरिटेज या शब्दाची मेख ओळखा. दोन-चार गटांना परवाना देऊन त्यांची दारू वारसा झाली. त्यांच्याच शेजारच्या गावातल्या बाईने दोन बाटल्या बाजारात विकल्या तर ती आरोपी. परंपरा एकच, फरक फक्त लेबलचा. पुढे १ एप्रिल २०२५ पासून राज्याने धार्मिक ठिकाणं म्हणून जी गावं-शहरं दारूबंदीखाली आणली, त्यांत मंडलाही आहे. ज्या शहरात आदिवासीचा मोह वारसा ठरला, त्याच शहरात साडेतीन वर्षांत देवळाचं पावित्र्य वरचढ ठरलं. गोंडांच्या बडादेवाला मोहाची धार वाहतात, हे पावित्र्याच्या त्या हिशेबात बसत नाही.

महाराष्ट्रातही मोहाला आता भाव आला आहे. सरकारने २०२१ साली मोहाची फुलं वेचणं, साठवणं, वाहून नेणं यावरचे निर्बंध सैल केले. २०२४ साली डहाणूच्या साऊथ सीज डिस्टिलरीजने ‘सिक्स ब्रदर्स’ नावाने मोहाचं मद्य उंची बाजारात आणलं. डहाणू म्हणजे वारल्यांचा मुलूख. ज्या दारूसाठी वारल्याच्या आज्याने मार खाल्ला, तिच्या चवीवर आता इंग्रजी मासिकात परीक्षण येतं. कालपर्यंत ‘पहिल्या धारेची’ ही शिवी होती, आज ‘स्मॉल बॅच’ झाली. आणि नाशिकच्या बागांत दरवर्षी छाटणीला, काढणीला पेठ-सुरगाण्याहून उतरणारा आदिवासी मजूर? वाईनच्या जाहिरातीत डोंगर दिसतो, सूर्यास्त दिसतो, तो दिसत नाही.

आता आपल्याबद्दल बोलू, कारण हे वाचणारे बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर आहेत. आपल्याला दारूबद्दल दोन गोष्टी एकाच वेळी शिकवल्या गेल्या. घरात शिकवलं की दारूने संसार बुडतो, आणि ते खरं आहे. वस्तीतल्या प्रत्येक आईला ते माहीत आहे. कॉलेजात आणि ऑफिसात शिकवलं की चार माणसांत पेला कसा धरायचा हे न येणारा माणूस अडाणी. पहिल्या शिकवणीने आपल्याला आपल्याच माणसांची लाज दिली, दुसरीने आपल्या अज्ञानाची. दोन्ही लाजा परत करायची वेळ आली आहे. पंचशीलातलं पाचवं शील पाळणारा आपला माणूस स्वतःच्या मनाने ते व्रत घेतो. पोलिसाची काठी हे शील नव्हे. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातच्या आदिवासींनी देवीच्या चळवळीत दारू सोडली, ती दारूविक्रेत्या जमीनदारांचं कंबरडं मोडायला. १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी आली ती लोकांच्या लढ्यातून. जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुण्यात वाढत्या गुत्त्यांना विरोध केला. सोडायची की नाही हे आपण ठरवावं, ही आपली परंपरा. दुसऱ्याने आपल्याला दारुडं म्हणायचं आणि स्वतःला रसिक, ही त्यांची.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचा कणा १९२७ सालीच दाखवून दिला होता. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदे मंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी हिशेब मांडला: इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करतं. त्यांची मागणी होती की लोकांकडून दारूपोटी जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. दारूच्या नैतिकतेवर त्यांनी प्रवचन दिलं नाही. त्यांनी वही उघडली.

तीच वही आज उघडू या. मध्य प्रदेशात घरी बार थाटायला वर्षाला एक कोटीचं उत्पन्न लागतं. दलित आणि आदिवासी विद्यार्थ्याला केंद्राच्या योजनेतली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हवी असेल तर घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर जाता कामा नये. सरकार दोन्ही माणसांचे उत्पन्नाचे दाखले तपासतं. पहिल्याला परवाना मिळतो. दुसरा परीक्षा संपली तरी खात्यात पैसे आले का ते पाहत राहतो, आणि कॉलेज फीसाठी निकाल अडवून ठेवतं. वाईनरीला व्हॅटचा परतावा देताना राज्याला तिजोरी आठवत नाही, वसतिगृहाचा भत्ता देताना लगेच आठवते.

म्हणून आपली मागणी मोहाला लेबल लावा एवढीच असू नये. द्राक्षाच्या मद्याला जी करसवलत, जे अनुदान, तेच मोह वेचणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना मिळालं पाहिजे, आणि मोहाच्या नावावर धंदा करणाऱ्या प्रत्येक कंपनीने फुलाला न्याय्य भाव दिला पाहिजे. घरगुती गाळणीची सूट अनुसूचित क्षेत्राच्या रेघेवर थांबू नये. भिटौनीच्या शहपुऱ्यातल्या गोंडालाही ती हवी, जबलपूरच्या कुचबंधियालाही. किरकोळ दारूचे जुने खटले काढून टाकले पाहिजेत. गावात दारू हवी की नको, हे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे ग्रामसभेने ठरवावं, आणि त्या सभेत बायांचा आवाज आधी ऐकला जावा. मध्य प्रदेशात पेसाचे नियम नोव्हेंबर २०२२ पासून लागू आहेत, ते कागदावरून खाली उतरवा. आणि प्रत्येक राज्याने दरवर्षी सांगावं: दारूतून किती घेतलं आणि शिक्षणावर किती दिलं. आकडे विधानसभेत मांडा. माहिती अधिकारात मागायची वेळ आणू नका, आणि आणलीत तर आम्ही अर्ज करू. अर्ज लिहिता येण्यासाठीच तर आमच्या आईबापांनी आम्हाला शिकवलं.

पुढच्या वेळी कोणी तुमच्यासमोर दिंडोरीच्या वाईनचं कौतुक केलं तर रागावू नका. फक्त विचारा, कोणती दिंडोरी? आणि उत्तर येईपर्यंत नजर हटवू नका.

जय भीम. जय सेवा.