चाकाला मारलेली टिचकी

आमच्या उलव्यात रविवारची सकाळ सायकलींच्या सरसराटाने उजाडते. सिडकोने रस्ते ऐसपैस आखून ठेवले आहेत आणि पहाटे पाचला त्यांवर कुत्र्यांखेरीज कुणाचा हक्क नसतो. जवळची टेकडी विमानतळासाठी कापली गेली. त्यामुळे खरा चढ हवा असेल तर मंडळी पनवेलवरून खोपोली गाठतात आणि बोरघाटाला भिडतात. आमचे भाचेराव त्यांतलेच. नोकरी मुंबईत, मुक्काम आमच्याकडे आणि जीव सायकलीत.

जानेवारी २०२६ मध्ये पुण्याला ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. देशोदेशींचे स्वार आले. ती पाहायला हे गृहस्थ रजा टाकून गेले आणि येताना एक ध्यास घेऊन आले : कार्बनची चाके! मुंबई-पुणे शर्यतीत घाट सर्वांआधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आणि त्या जुन्या राजांनी लोखंडी सायकलींवरच राज्य केले, असे मी सांगून पाहिले. उत्तर आले, “मामा, तेव्हा पोस्टकार्डावर पण भागत होतं!” आमची सौ. मोठ्याने हसली. मी गप्प बसलो.

नवी जोडी लाखाच्या घरातली. तेव्हा गणपती झाल्यावर एके रात्री बावीस हजारांची जुनी जोडी घरात आली. काळी, गुळगुळीत, हातात घेतली तर रिकाम्या सुपासारखी हलकी. “मामा, ओरखडासुद्धा नाही. आधीच्या मालकाची एकदाच पडली होती, तीही हळूच.”

ते ‘हळूच’ माझ्या कानात अडकून बसले. शर्यत तीन आठवड्यांवर होती, आणि तीत घाटाचा उतारही होता.

आता हे कार्बन म्हणजे काय ते वाचकांना सांगायला हवे. केसाहूनही कितीतरी बारीक असे काळे धागे असतात. त्यांचे थर निरनिराळ्या दिशांनी साच्यात मांडायचे, राळेसारख्या चिकट द्रव्यात भिजवायचे आणि उष्णता व दाब देऊन घट्ट करायचे. धाग्याच्या लांबीच्या दिशेने ताणलात तर हा पदार्थ पोलादाला हार जात नाही. आडवा घाव बसला की मात्र गोष्ट वेगळी. बांबू उभा वाकवा, तो ऐकत नाही. त्याच बांबूत कोयता पेऱ्याच्या दिशेने घाला, फटकन दोन होतात. चाकाची रिम बनवणारा वरून-खालून येणाऱ्या भाराचा हिशेब करून धागे मांडतो. स्वाराचे वजन, रस्त्याचे धक्के, तारांचा ओढा, हे सारे त्याने धरलेले असते. शेजारच्या सायकलीचे पेडल ताशी पन्नास किलोमीटरच्या वेगाने कुशीत घुसेल, हे त्याने कितीसे धरावे?

शर्यतीत नेमके तेच होते. पन्नास-शंभर स्वार एकमेकांच्या चाकाला वीतभर अंतर ठेवून धावतात. एक घसरला की मागचे त्याच्यावर. अशा वेळी ॲल्युमिनियमचे चाक वाकते, त्याचा आठचा आकडा होतो. कार्बनला वाकणे ठाऊक नाही. ते सोसते, सोसते आणि एकदम फुटते. शिवाय प्रत्येक तार रिमला सुमारे शंभर किलोच्या जोराने आत ओढत असते. रिम एका जागी तुटली की त्या साऱ्या तारांचा तोल जातो आणि चाक कोलमडते. म्हणूनच जागतिक सायकल संघटना, म्हणजे यूसीआय, शर्यतीच्या चाकांची आघाताची चाचणी मागते. फुटलेल्या रिमच्या धारदार चिपा पडलेल्याच्याच काय, मागून येणाऱ्याच्याही पोटऱ्या फाडतील.

पण फोटोत तुटलेले चाक दिसले की लोक म्हणतात, चाक तुटले म्हणून पडला. बहुतेकदा क्रम उलटा असतो : आधी पडला, मग चाकावर दुसरे कुणी आदळले. कधी तर चाकाइतकाच टायरचाही प्रश्न असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूरमध्ये थॉमस द गेंट हा बेल्जियन स्वार पडला, तेव्हा त्याचा टायर रिमवरून निसटला होता. त्या रिमच्या कडांना टायर धरून ठेवणारी आकडी नव्हती, आणि त्यावरून पुढे बरेच वादंग माजले. उतारावर आणखी एक शत्रू, उष्णता. ब्रेकचे रबर रिमवरच घासत असेल तर लांब उतारावर ती राळ मऊ पडू शकते. डिस्क ब्रेक आल्यापासून ही काळजी मिटली.

तेव्हा कार्बनला उगाच बदनाम करू नये. विमानांचे पंखसुद्धा त्याचे होतात, आणि विमाने तर आता आमच्या गॅलरीवरूनच जातात. माझी भीती निराळी होती. ॲल्युमिनियमला मार बसला की पोचा पडतो, तो आंधळ्यालाही हाताला लागतो. कार्बनला मार बसला की आतले थर एकमेकांपासून सुटतात आणि वरचा रंग तसाच चकाकत राहतो. मग कधीतरी एखादा साधा खड्डा पुरतो. हे मी भाच्याला दोनदा सांगितले. दोन्ही वेळा त्याने कानांत बोंडे घातली.

रविवारी ताई आली. म्हणजे त्याची आई. डोंबिवलीहून चकल्यांचा डबा घेऊन. चाके पाहून तिने विचारले, “ही पडलेली आहेत ना?” मग टायर काढायला लावले, आणि कुंभारवाड्यात माठ घेताना मारतात तशी रुपयाच्या नाण्याने रिमला टकटक करीत निघाली. टण, टण, टण. मागच्या चाकाला दोन तारांच्या मध्ये एका जागी आवाज आला : थब.

“परत वाजव,” भाचा म्हणाला. तिने वाजवले. थब.

भाच्याने ते चाक सीवूडसच्या एका दुकानी नेले. तिथल्या माणसाने बॅटरी लावून रिमच्या आतली बाजू दाखवली. केसासारखी रेघ, बोटभर लांब. तो म्हणाला, नाण्याने सगळे कळत नाही, कधी कधी तपासणीचे यंत्र लागते. पण इथे यंत्राची गरज उरलेली नाही. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. बावीस हजार गेले.

भाचेराव जुन्याच ॲल्युमिनियमच्या चाकांवर शर्यतीला गेले. घाटाच्या उतारावर एका वळणाला त्याच्या पुढचे तिघे एकदम पडले. हा कठड्याला घासून थांबला. चाक आऊट झाले, कोपर सोलले. दुकानदाराने दीडशे रुपयांत आऊट काढून दिला.

ताईला यातले कोपर तेवढे सांगितले आहे.

पुढचे कार्बनचे चाक शाबूत आहे की नाही, यावर घरात अजून एकमत नाही. मागच्यावर सौ.ने कागद चिकटवून आकाशकंदील केला आहे. गॅलरीत टांगला आहे. हलका असल्यामुळे वाऱ्यावर फार गिरक्या घेतो.