वाळवंटातील आठ रिपू

आज आषाढी एकादशी. चातुर्मासास आजपासून प्रारंभ होत आहे आणि घरोघरी नेमांची उजळणी सुरू झाली असेल. कोणी कांदा-लसूण वर्ज्य करील, कोणी वांगे सोडील, कोणी एकभुक्त राहील, तर कोणी पोथीचा रोज एक अध्याय वाचण्याचा संकल्प सोडील. अशा मंगल दिवशी ख्रिस्ती साधकांच्या पापविचाराविषयी लिहावे, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु षड्रिपूंशी झुंज ज्या घरात पिढ्यानपिढ्या परिचयाची आहे, त्या घराला तीच झुंज दुसऱ्या अंगणात कशी लढली गेली याचे कुतूहल असावयास हवे, असे आम्हांस वाटते.

आरंभीच एका गैरसमजाचा निरास करणे इष्ट ठरेल. ‘पाप करावे, पाद्रीबाबांपुढे कबूल करावे आणि मोकळे व्हावे, इतका तो सोपा धर्म’, असे आपल्याकडील सुशिक्षित माणसेही सहज बोलून जातात. वस्तुस्थिती तशी नाही. कॅथलिक परंपरेत पापनिवेदनास खऱ्या पश्चात्तापाची, पुन्हा तसे न करण्याच्या निश्चयाची आणि नेमून दिलेल्या प्रायश्चित्ताची जोड लागते. शक्य असूनही चोरीची वस्तू ज्याची त्याला परत न करणाऱ्याच्या कबुलीला अर्थ उरत नाही. बहुतेक प्रॉटेस्टंट पंथांत तर धर्मगुरूच्या कानी पाप सांगण्याची सक्तीच नाही. आपल्या प्रायश्चित्तविधींची कोणी अशीच थट्टा केली, तर आपणांस ती खचितच रुचणार नाही.

ख्रिस्ती साधनेत मोहाच्या प्रसंगाचे मूळ चित्र आहे ते खुद्द येशूचे. चाळीस दिवसांच्या उपवासानंतर अरण्यात सैतान त्याच्यापुढे उभा राहतो. धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी घे, मला नमन कर म्हणजे जगातील सर्व राज्ये तुझी, असे तीन मोह तो घालतो. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत यांतील शेवटच्या दोहोंचा क्रम वेगळा आहे, पण आशय तोच. यातील मर्माची गोष्ट अशी की, मोह घालणाराही धर्मग्रंथातील वचनच पुढे करतो. मोह नेहमी अधर्माच्या वेषात येतो असे नाही, ही जाणीव या कथेत फार खोल आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करून ख्रिस्तचरित्र मराठी ओवीत आणले. त्यामुळे हा विषय मराठीला चार शतकांपासून परका नाही.

या चित्राचे शास्त्र बनविले ते इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी. त्यांत इव्हाग्रियस हा विद्वान अग्रगण्य होय. कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजनगरीत त्याच्या वक्तृत्वाचा लौकिक होता. तेथे एका प्रतिष्ठित विवाहित स्त्रीच्या मोहात तो गुंतला, राजधानी सोडून जेरुसलेमला पळाला, आजारी पडला आणि अखेर ३८३ च्या सुमारास निट्रियाच्या व पुढे केल्लियाच्या वाळवंटात राहू लागला. ३९९ साली तेथेच त्याचा अंत झाला. नगरातील मोहापासून पळ काढता येतो, पण वाळवंटात माणसाबरोबर त्याचे मन येतेच, हे त्याला तेथे उमगले. मनात उठणाऱ्या दुष्ट विचारांचे त्याने आठ प्रकार सांगितले : जिव्हालौल्य, काम, धनलोभ, विषाद, क्रोध, ‘अकेदिया’ म्हणजे साधनेचा कंटाळा, कीर्तीची हाव आणि अहंकार. आपल्या षड्रिपूंपैकी मत्सर या यादीत नाही. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी याने यादीची फेरमांडणी केली, तेव्हा मत्सरास त्यात स्थान मिळाले. अहंकार हा सर्वांचे मूळ म्हणून बाजूस काढला गेला आणि सात पापांची परंपरा रूढ झाली.

इव्हाग्रियसचा मुख्य सिद्धांत घरोघरच्या साधकाला दिलासा देणारा आहे. विचार मनात येणे माणसाच्या हाती नाही. त्याला बसावयास पाट द्यावयाचा की नाही, हे मात्र त्याच्या हाती आहे. विचार आला म्हणजे पाप घडले असे नव्हे. त्याला संमती दिली की पापाचा आरंभ होतो. विषयांच्या चिंतनापासून बुद्धिनाशापर्यंतची जी पायऱ्यांची उतरंड गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे, तिची येथे कोणालाही आठवण होईल. आलेल्या विचारास तोंडावर उत्तर देण्यासाठी धर्मग्रंथातील वचनांचा एक मोठा संग्रहच त्याने करून ठेवला होता.

पण त्याचे खरे निरीक्षणकौशल्य दिसते ते अकेदियाच्या वर्णनात. हा शत्रू सकाळी दहाच्या सुमारास येतो आणि दुपारी दोनपर्यंत ठाण मांडतो. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते. भोजनाची वेळ किती दूर आहे हे पाहण्यासाठी साधक पुन्हा पुन्हा बाहेर डोकावतो. वाचताना जांभया देतो, पाने उलटून उरलेली पाने मोजतो. मग एक पुण्यकर्म सुचते : अमका आजारी आहे, त्याला भेटून यावे. सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी पोथीचे किती अध्याय राहिले हे चाळून पाहणाऱ्या आपल्यातील कित्येकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. चातुर्मासाचा नेम आषाढात सहसा मोडत नाही. तो मोडतो भाद्रपदात.

इव्हाग्रियसच्या या विचारांचा प्रसार पश्चिमेकडे करणारा कासियन कीर्तीच्या हावेला कांद्याची उपमा देतो : एक पापुद्रा काढावा तो खाली दुसरा. चार महिने कांदा सोडणाऱ्यांनी हा दुसरा कांदाही ध्यानात ठेवावा. आपण कोणते व्रत करतो हे शेजारणीला कळेल अशा बेताने सांगणे, हा त्याचाच एक पापुद्रा नव्हे काय?

आपली व त्यांची वाट सर्वस्वी एक आहे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. इच्छा नसताना माणूस पाप का करतो, हा अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारलेला प्रश्न संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातही त्याच व्याकुळतेने येतो. श्रीकृष्ण रजोगुणातून उपजणाऱ्या काम-क्रोधाकडे बोट दाखवितात आणि इंद्रिये, मन व बुद्धी यांच्या पलीकडील आत्मतत्त्व ओळखून त्यांना जिंकावयास सांगतात. पौल म्हणतो की, हे आपल्या बळाने होणे नाही. ख्रिस्ताच्या कृपेनेच सुटका आहे. ‘सर्व धर्म सारखेच’ असे म्हणून हा फरक पुसून टाकणे हा बौद्धिक आळस होय. तरीही कृपेची भाषा वारकऱ्यांच्या देशात कोणाला समजावून सांगावी लागू नये.

इव्हाग्रियसच्या पदरी पुढे विपरीतच आले. काही तात्त्विक मतांमुळे ५५३ नंतर त्याचे नाव पाखंड्यांत गणले गेले आणि त्याची कित्येक पुस्तके नायलस या दुसऱ्या साधूच्या नावावर वाचली जाऊ लागली. त्याच्याच काळी त्या वाळवंटात मोझेस नावाचा वृद्ध तपस्वी होता. पूर्वायुष्यात तो दरोडेखोरांचा नायक होता. एकदा एका तरुण साधूच्या हातून अपराध घडला. न्याय करण्यासाठी सभा भरली आणि मोझेसला बोलावणे गेले. तो पाण्याने भरलेले गळके मडके घेऊन निघाला. हे काय, असे विचारता तो उत्तरला की, माझी पापे अशीच माझ्यामागे सांडत आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याचा न्याय करावयास निघालो आहे. सभेने त्या तरुणाला एक शब्दही सुनावला नाही. त्याला क्षमा केली आणि मंडळी आपापल्या झोपड्यांकडे परतली.