श्रोत्यांना म्हणे हेच हवं असतं

परवा हिंजवडीहून परतताना कॅबमध्ये पाऊण तास अडकलो. ड्रायव्हरकाकांनी कंटाळून रेडिओची पाच स्टेशनं फिरवली. पाचही ठिकाणी गाणं, फोनवर कुणाला तरी बकरा बनवणं आणि फ्लॅटच्या जाहिराती. एकाने 'वाकडला ट्रॅफिक आहे हां पुणेकर!' अशी मौलिक माहिती दिली. मी सरकारवर चिडलो, स्टेशनवर चिडलो, तर शेजारचा कलीग म्हणतो, "पब्लिकला हेच हवंय रे. मार्केट आहे ते."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं. मंडळी, या शहरात रेडिओवर काय वाजणार हे पब्लिकला कधी विचारलं होतं?

आकाशवाणीचं पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झालं. तेव्हा नभोवाणीमंत्री केसकरांनी सिनेसंगीताला जवळजवळ हद्दपार केलं होतं. लोकांना ती गाणी हवी होती, म्हणून ते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले. अखेर 1957 साली सरकारने विविध भारती काढली. म्हणजे लोक काय ऐकतात हे सरकारला कळायला पाच वर्षं लागली! 1967 च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे आणि नागपूरला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. तोही निर्णय वरूनच आलेला.

आता दुसरी बाजू. याच हट्टी सरकारी केंद्रावर 1955-56 साली सीताकांत लाडांच्या कल्पनेतून गीतरामायण उभं राहिलं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं संगीत, दर आठवड्याला नवं गीत, एकूण 56. आज एखाद्या मीटिंगमध्ये 'वर्षभर चालणारी रामकथा, तीही पद्यात' असं म्हणून बघा. पहिल्याच स्लाइडला हाकलतील. कुठल्याही सर्व्हेत लोकांनी 'आम्हाला गीतरामायण द्या' असं लिहिलं नसतं. आधी ते ऐकवलं गेलं आणि मग ते लोकांना हवंसं झालं. हा क्रम उलटा करता येत नाही.

मग 2001 पासून देशात खासगी एफएम आलं. सुरुवातीला परवान्याची फी ठरलेली, वर दरवर्षी 15 टक्के वाढ. स्टेशन कमवो न कमवो, फी भराच. काही स्टेशनांना ते झेपलं नाही. 2005 मध्ये धोरण बदललं, प्रवेश फी आणि मग उत्पन्नाचा 4 टक्के हिस्सा असं झालं. बातम्यांना मात्र बंदी. 2011 च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा प्रसारित करायची मुभा दिली, वाहतूक आणि हवामानही सांगता येऊ लागलं. म्हणजे रस्ता तुंबलाय हे आरजे सांगू शकतो. तो कुणी खोदला आणि बुजवला का नाही, याची बातमी करणं हे त्याचं कामच नाही! 2023 मध्ये ट्रायने तासाला 10 मिनिटं बातम्यांना परवानगी द्या अशी शिफारस केली, हे कलीगला माहीत नव्हतं.

आम्ही इंजिनिअर लोक डेटा, डेटा करतो. पण मेनूवर फक्त वडापाव ठेवायचा आणि 'बघा, शंभर टक्के ग्राहक वडापावच मागतात' असा रिपोर्ट काढायचा, याला डेटा म्हणत नाहीत.

आणि खरंच विचारायचं असेल तर जून 2023 आठवा. आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून काम छत्रपती संभाजीनगरला हलवायचं ठरलं होतं. एवढी ओरड झाली की निर्णय थांबवावा लागला. बातम्या कुणालाच नको होत्या, तर ओरडलं कोण?

असो. हे सगळं कलीगला ऐकवलं. त्याने शांतपणे विचारलं, "आकाशवाणी अजून चालू असते?"

ड्रायव्हरकाकांनी काही न बोलता 101 लावलं. तिथेही जाहिरातच चालू होती :-)