वाट विचारली की आडनाव विचारतात

२० मार्चला महाडला मोटारसायकलींनी जायचं, आणि हायवे सोडून भोरवरून वरंध घाट उतरून जायचं, असं आमच्या पोरांनी ठरवलं तेव्हा एक जुने कार्यकर्ते म्हणाले, "पेट्रोल जाळून क्रांती होत नसते रे." खरं आहे. पण हायवेवर रांग लावून, हॉर्न बडवून, तळ्यावर फोटो काढून संध्याकाळी घरी आल्यानेही ती होत नाही. त्यांचा दुसरा प्रश्न मात्र टोचला. "ज्यांच्या आज्यांनी अनवाणी डोंगर तुडवले, त्यांच्या नातवांना आता डोंगराची हौस सुटली काय?"

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे लिहितो आहे. उत्तर मला घरी बसून सापडलं नाही. वाट बघायला गेलो तेव्हा सापडलं, आणि तेही आमच्या तोंडावर आपटलं.

फेब्रुवारीत आम्ही चौघं निघालो. दोन गाड्या, दोन्ही शंभर सीसीच्या, हप्त्याच्या. एकजण गॅरेजात काम करतो. एक मुलगी, नर्सिंग शिकते. घाट उतरताना तीच आमच्यात शहाणी. आम्ही उतारावर गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवायला बघत होतो. तिने शिव्या घातल्या. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापून ऐन वळणावर दगा देतो. हे तिला कळतं, कारण तिचा बाप ट्रकवर क्लीनर होता.

डोंगरातली वाट शोधायची, या कामाला सध्या बाजारात फार मान आहे. लाखालाखांच्या गाड्या, कोपराला ढोपराला कवच, हेल्मेटवर कॅमेरा. त्यांच्या नकाशात किल्ला असतो, धबधबा असतो, सूर्य कुठे मावळतो तो कडा असतो. माणूस नसतो. असलाच तर चहावाला असतो.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी आमच्या वहीतही माणूस नव्हता. भोरला टाक्या भरल्या. नीरा देवघर धरणाच्या पाण्याकडेने हिरडोशी, शिरगाव, मग घाटमाथा आणि वाघजाईचं देऊळ. तिथून खाली माझेरी, वरंध, बिरवाडी, महाड. पाऊणशे-ऐंशी किलोमीटरचा रस्ता. कुठे खडी उखडलीय, कुठल्या वळणावर एस.टी. समोरून आली तर गाडी कुठे घ्यायची, पंक्चरवाला कुठे आहे, सगळं टिपलं. हे टिपायलाच हवं. हा डोंगर कुणाचाच नाही. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट अनेकदा बंद ठेवतात. याच महाड तालुक्यात २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल एस.टी.च्या दोन गाड्यांसकट वाहून गेला. तेव्हा रस्ता बघताना दुसरा रस्ताही बघून ठेवावा लागतो.

तो दुसरा रस्ता शोधायला परतीच्या दिवशी आम्ही घाटमाथ्यावर डांबर सोडून मुरुमाच्या वाटेला लागलो. चढ असा की मागे बसलेल्याने उतरून चालायचं. चेन कुरकुरायला लागली, क्लच जळाल्याचा वास यायला लागला, आणि एका गावात शिरलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सांगतो.

पारावर चारपाच जण बसलेले. विचारलं, "दादा, ही वाट खाली मोठ्या रस्त्याला निघते का?"

"कुठलं पाव्हणं?"

सांगितलं.

"आडनाव?"

गॅरेजवाल्याने आडनाव सांगितलं. त्या माणसाने तोंड वाकडं केलं नाही, शिवी दिली नाही. फक्त हात उचलला आणि बोट दाखवलं, ते वाटेकडे नाही, ओढ्यापलीकडे. "तिकडं इचारा. तुमची मान्सं हायती तिकडं."

दोस्तहो, वाट विचारली तर आडनाव विचारलं, आणि आडनाव कळल्यावर वाट सांगायची गरज उरली नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत राहिली. या मुलखातल्या वाटा कुणाला पाठ होत्या? महाराला. शिव कुठे, खिंड कुठे, पाणी कुठे, हे सांगायचं काम त्याचं. साहेब आला, कारकून आला, पाटलाचा पाव्हणा आला की पुढे धावत जाऊन वाट दाखवायची. सरकारी टपाल गावोगाव पोचवायचं. रात्री वेशीवर जागायचं. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ कागदावर बांधून ठेवली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात महार वतनाच्या विरोधात बिल आणलं. ते जोखड कायद्याने मोडायला मात्र १९५८ चा वतन निर्मूलनाचा कायदा यावा लागला. ज्याने पिढ्यान्‌पिढ्या फुकट वाट दाखवली, त्याचा नातू वाट विचारतो तेव्हा त्याला ओढ्यापलीकडे धाडतात. जुन्या कार्यकर्त्यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथंच आहे. हौस नाही, साहेब. हुकमाने तुडवलेला डोंगर आम्हाला आमच्या मर्जीने तुडवायचाय.

पण अर्ध्या उत्तरावर खूश होऊन निघालो असतो तर आम्ही चुकलोच असतो.

ओढ्यापलीकडे वस्ती. दहाबारा घरं. डांबर गावाच्या वेशीपर्यंत, पुढे मुरूम, आणि शेवटच्या टप्प्यात तोही नाही. विहारासाठी चौथरा बांधलेला, वर पत्रे नाहीत. एका म्हातारीने हंड्यातलं पाणी दिलं. गाडीवरचा निळा झेंडा बघून म्हणाली, "झेंडं लई बगितलं बाबा. खालनं जात्यात, पों पों करीत. वर कोन येतंय?"

या एका वाक्याने आमची वही फाडून टाकली. खरं आहे म्हातारे. आमची चळवळ डांबर संपलं की संपते. दादर माहीत, दीक्षाभूमी माहीत, भीमा कोरेगाव माहीत. सगळीकडे एस.टी. जाते, माईक लागतो, कॅमेरा पोचतो. पण दहा घरांची वस्ती कुठल्या डोंगराच्या खांद्यावर बसलीय, तिचं पाणी कुठून येतं, तिची पोरं कितवीनंतर शाळा सोडतात, याचा नकाशा आमच्या कुठल्याच ऑफिसात नाही. बाजूच्या धनगरवाड्याचा, कातकऱ्यांच्या खोपटांचा तर नाहीच नाही. बाजारवाल्यांचा नकाशा धबधब्यांचा, आमचा नकाशा सभांचा. माणूस दोन्हीकडे गायब.

तिथेच ठरवून टाकलं, वीस मार्चच्या गाड्या या वस्तीवर आणायच्या. आणि तिथेच वाद पेटला. वस्तीवर यायला दोन वाटा. एक गावाच्या मधल्या आळीतून, त्या पारासमोरून. दुसरी ओढ्याकाठची पायवाट, जिने वस्तीचे लोक येतात जातात. गॅरेजवाला म्हणाला, गावातूनच जायचं, झेंडे उंच धरून, बघू कोण आडवा येतो. मलाही ते पटलं. रक्त तापलेलं होतं. घटनेचा पंधरावा अनुच्छेद विहिरी आणि तलावांबरोबर रस्त्यांचंही नाव घेतो. सरकारी पैशाचा रस्ता कुणाच्या बापाचा नाही.

तेव्हा वस्तीतला एक पोरगा, आमच्याच वयाचा, भोरला रोजंदारीवर जाणारा, शांतपणे म्हणाला, "तुमी झेंडं नाचवत जाल. संध्याकाळी घरी जाल. रात्री आमी हितंच."

आम्ही चौघंही गप्प झालो.

घरी येऊन चवदार तळ्याचा इतिहास पुन्हा वाचला. २० मार्च १९२७ ला तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, एवढं आपण पोरांना सांगतो. त्यानंतरचे तास सांगत नाही. मंडपात उरलेल्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. गावोगाव सांगावे गेले, आणि घरी परतणाऱ्या लोकांना वाटेवर गाठून, त्यांच्या त्यांच्या गावात गाठून मारलं. मार जाताना नव्हता, येताना होता. हजारोंनी गेलेली माणसं परतताना दोघं-चौघं झाली आणि तिथे सापडली.

म्हणून त्याच वर्षी डिसेंबरात परिषदेला निघताना बाबासाहेबांनी वाटेचा विचार केला. धरमतरला उतरलो आणि मोटारवाल्यांनी बहिष्कार घालून गाड्या नाकारल्या तर? मुंबईहून 'पद्मावती' बोटीने सगळे थेट दासगावला आले, २५ डिसेंबरला उतरले आणि तिथून पाच मैल चालत, एकत्र, महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृती जाळली. मंडपाला जागा दिली ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी. वाट बदलली, मुक्काम बदलला नाही. दुसऱ्याच्या मोटारीवर अवलंबून राहायचं नाही, आपल्या पायांवर जाता येईल अशी वाट निवडायची. याला मी वाट बघणं म्हणतो. कॅमेरावाल्यांनी हे आमच्याकडून शिकावं, आणि आधी आम्ही आमच्याकडून शिकावं.

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट मांडतो. पटत नसेल त्याने पुढच्या अंकात झोडावं.

वाट ठरवायचा हक्क जाणाऱ्याचा नाही, तिथे राहणाऱ्याचा आहे. आम्ही एका दिवसाचे शूर. त्या वस्तीला तीनशे पासष्ट दिवस त्याच पारासमोरून दळण आणायचंय. आमच्या झेंड्याची किंमत त्यांनी मोजायची असेल तर तो झेंडा आमचा नाही, आमच्या मिजाशीचा आहे. पण म्हणून ओढ्याकाठून चोरासारखं जायचं आणि त्याला शहाणपण म्हणायचं, हेही मला मान्य नाही. पायवाट दरड कोसळली तर वापरू, भीती वाटली म्हणून नाही. दोन्हीच्या मधे एकच रस्ता उरतो. वस्तीला विचारायचं, आणि ती जे म्हणेल त्यात तिच्याबरोबर उभं राहायचं. नुसतं वीस मार्चला नाही. एकवीसला काहींनी तिथेच मुक्काम करायचा. जूनमध्ये वह्या घेऊन जायचं. पावसाळ्यात घाट बंद झाला तर भोरच्या बाजूने जायचं. पत्रे चढेपर्यंत जायचं. परतीची वाट ज्याने बघितली नाही त्याने जायची वाट बघितलीच नाही, असं समजावं.

गाड्यांबद्दलही सांगून टाकतो. सगळ्यात जुनी, सगळ्यात दमलेली गाडी पुढे राहील, आणि तिच्या वेगाने बाकीच्या. बायका मागच्या सीटवर ओझं म्हणून येणार नाहीत, ज्यांना चालवता येते त्या चालवतील. पिऊन आलेल्याची चावी काढून घेतली जाईल, मग तो कुठल्याही पदावर असो.

हे सगळं त्या पोराला फोन करून विचारलं. तो वस्तीत बोलून दोन दिवसांनी सांगतो म्हणाला. सांगितलं.

"या. पर गाड्या येशीभाईर लावा. गावातनं आमच्यासंगं चालत या. म्हातारी फुडं चालनार हाय."

जुन्या कार्यकर्त्यांना हे कळवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझं गुडघ्याचं दुखणं आहे. वेशीपर्यंत कुणाच्या तरी मागे बसून येतो. पुढचं चालेन."

जय भीम.