आधी चर्चच्या शाळांची छपरे!



‘वीज हा सरकारचा विषय, चर्चने आत्म्याचे बघावे,’ हे वाक्य आमच्या वसईच्या ख्रिस्ती समाजात सौरऊर्जेचा विषय निघाला की हमखास ऐकू येते. ते मला पटत नाही.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात माणसाला सृष्टीवर अधिकार मिळतो आणि पुढच्याच अध्यायात त्याला बागेची मशागत व राखण करायला नेमले जाते. लेवीयच्या पुस्तकात तर दर सातव्या वर्षी जमिनीला विसावा देण्याचा नियम आहे. जमीन देवाची आणि आपण राखणदार. राखणदाराला हिशेब चुकत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात तो थेट इंधनापर्यंत आणला. कोळसा, तेल आणि वायूचा वापर टप्प्याटप्प्याने, पण विलंब न लावता थांबवावा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

हा हिशेब आपल्या पालघर जिल्ह्यातच मांडून पाहा. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. तरीही मुंबईच्या उपनगरांसाठी तिथे ५०० मेगावॉटचे कोळशावरचे वीजकेंद्र आले. त्याच्या धुरातले गंधक शोषणारी यंत्रणा बसायला २००७ उजाडले. वांद्र्याच्या माऊंट मेरी जत्रेच्या काळात उपनगर झगमगते, त्या उजेडात या कोळशाचाही वाटा असतो. धूर मात्र चिकूच्या बागांवर आणि वारली पाड्यांवर. आम्ही वसईकरही सुटत नाही. महावितरणच्या विजेमागे चंद्रपूर-कोराडीची राख आहे. शेजाऱ्यावर प्रेम करा, ही आज्ञा रोज ऐकणाऱ्यांना हे शेजारी दिसायला हवेत.

‘यात धर्मगुरूंनी पडू नये’ म्हणणाऱ्यांनी हरित वसईची चळवळ आठवावी. पाणी आणि जमीन हा आपला विषय नाही, असे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी मानले असते, तर ती उभीच राहिली नसती.

चर्चच्या शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवायचे तर पैशांची अडचण खरी आहे. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत घराला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते, गृहनिर्माण सोसायट्यांनाही मिळते. ट्रस्टच्या शाळेला मात्र नाही. पण शाळा दिवसाच भरते, म्हणजे ऊन असते तेव्हाच तिला वीज लागते. भांडवल नसेल तर पॅनेलचा खर्च कंपनीने करायचा आणि संस्थेने युनिटमागे दर द्यायचा, असेही करार होतात. शिवाय सणाच्या मंडपावर आणि रोषणाईवर आपण किती उधळतो, हे धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) आर्थिक समितीच्या सभासदांना मी सांगायला नको.

जुन्या चर्चचे रूप बिघडेल, ही भीती अनाठायी आहे. व्हॅटिकनने २००८ मध्ये दोन हजारांहून अधिक पॅनेल बसवली ती विसाव्या शतकातल्या सभागृहाच्या छपरावर. संत पेत्राच्या घुमटाला कोणी हात लावला नाही. आपणही कौलारू चर्च तशीच ठेवावीत. शाळा, हॉल आणि दवाखान्यांचे स्लॅब रिकामेच आहेत.

सौरऊर्जा म्हणजे निव्वळ पुण्य, असेही नाही. मोठ्या प्रकल्पाखाली शेतकऱ्याची वा आदिवासीची जमीन जात असेल, तर चर्चने त्यांच्या बाजूने उभे राहावे. पोप फ्रान्सिस यांनी जून २०२४ मध्ये रोमबाहेर सांता मारिया दि गालेरियाला सौरप्रकल्प उभारण्याचा आदेश दिला, तोही शेती चालू ठेवूनच. आपल्याकडे तर आधी छपरे वापरावीत, शेताचा विचार नंतर.

म्हणून दोन मागण्या. प्रत्येक धर्मग्रामाने वार्षिक जमाखर्चासोबत वर्षभरात जाळलेल्या विजेची युनिट सभेपुढे ठेवावीत. आणि यापुढे शाळेच्या वा हॉलच्या नव्या इमारतीचा आराखडा छपरावरच्या पॅनेलशिवाय धर्मप्रांताने मंजूर करू नये. या दोन्ही गोष्टींना सरकारची परवानगी लागत नाही, अनुदानही लागत नाही. तरीही त्या होणार नसतील, तर ‘लाउदातो सी’वरची प्रवचने निदान पंखे बंद करून व्हावीत.

— एक धर्मग्रामवासी, वसई