विश्लेषण : जुन्या संगणकावर नवे प्रोग्राम का कोसळतात? ‘सिस्टीम कॉल’च्या नोंदीतून काय कळते?

विंडोज १० चा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्याआधी ३० जून २०२४ रोजी अनेक सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या सेंटओएस ७ या लिनक्स प्रणालीची मुदत संपली. असे संगणक त्या तारखेला बंद पडत नाहीत. पण नवे सॉफ्टवेअर त्यांच्यावर हळूहळू चालेनासे होते. कधी एखादा मोघम संदेश येतो, कधी प्रोग्राम काहीच न सांगता बंद होतो. मग ‘मशीन जुने झाले, नवे घ्या’ हा सल्ला हमखास मिळतो. तो दर वेळी बरोबर असतो का? हे तपासण्याची एक जुनी आणि मोफत पद्धत आहे.

सिस्टीम कॉल म्हणजे काय?

कोणताही प्रोग्राम स्वतःहून फाइल उघडू शकत नाही, नेटवर्कवर माहिती पाठवू शकत नाही किंवा जादा मेमरी घेऊ शकत नाही. ही कामे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल करतो. प्रोग्रामला त्याच्याकडे विनंती करावी लागते. या विनंतीला सिस्टीम कॉल म्हणतात. सरकारी कचेरीत आपण थेट दप्तरखान्यात जात नाही, खिडकीवर अर्ज देतो, तसेच हे. काम झाले नाही तर कर्नल कारणाचा क्रमांक परत देतो : फाइल सापडली नाही, परवानगी नाही, किंवा अशी सेवाच उपलब्ध नाही.

नोंद कशी ठेवली जाते?

लिनक्सवर यासाठी ‘एस-ट्रेस’ नावाचे साधन आहे. ते मुळात पॉल क्रॅननबर्ग यांनी सनओएस या प्रणालीसाठी लिहिले आणि नंतर लिनक्सवर आले. प्रोग्राम त्याच्या देखरेखीखाली चालवला की प्रत्येक विनंती आणि तिचे उत्तर ओळीने छापले जाते. खिडकीवरची आवक-जावक नोंदवहीच म्हणा ना. प्रोग्रामचा मूळ कोड हाताशी नसला तरी चालते. जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत बहुधा तीच परिस्थिती असते.

२०२१ मध्ये नेमके काय झाले होते?

ऑगस्ट २०२१ मध्ये लिनक्सवरील बहुतेक प्रोग्रामचा पाया असलेल्या ‘जीलिबसी’ या लायब्ररीची २.३४ ही आवृत्ती आली. प्रोग्राममधील समांतर कामे, म्हणजे थ्रेड, सुरू करण्यासाठी ती आधी ‘क्लोन ३’ हा नवा सिस्टीम कॉल वापरून पाहते. हा कॉल लिनक्सच्या ५.३ आवृत्तीत, २०१९ मध्ये आला. जुन्या कर्नलची सोयही ठेवली होती : ‘अशी सेवा नाही’ हे उत्तर आले की लायब्ररी मुकाट्याने जुना ‘क्लोन’ कॉल वापरते.

अडचण आली ती डॉकरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये. डॉकर प्रोग्रामला वेगळ्या कप्प्यात चालवतो आणि कर्नलच्या आधी एक चाळणी लावतो. त्या चाळणीच्या यादीत ‘क्लोन ३’ नव्हता. यादीत नसलेल्या प्रत्येक कॉलला ती ‘परवानगी नाही’ असे उत्तर देत असे. लायब्ररीने ते उत्तर खरे मानले, जुना मार्ग वापरलाच नाही आणि प्रोग्राम कोसळले.

बाहेरून पाहणाऱ्याला हा अधिकारांचा प्रश्न वाटेल. एक उपाय म्हणजे ती चाळणीच काढून टाकणे. तसे केल्यावर प्रोग्राम चालतही होते, पण सुरक्षेचा एक थर जात होता. नोंद वाचणाऱ्याला मात्र दिसत होते की नकार फक्त एका नव्या कॉलला मिळतो आहे. खरी दुरुस्ती छोटी होती. ऑक्टोबर २०२१ मधील डॉकरच्या २०.१०.१० या आवृत्तीने उत्तर बदलून ‘अशी सेवा नाही’ असे केले. नवे मशीन कोणालाच लागले नाही.

विंडोजवर काय करता येते?

विंडोजमधील सिस्टीम कॉलचे क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात, त्यामुळे तिथे थोडे वरच्या पातळीवर पाहिले जाते. मायक्रोसॉफ्टचे ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत साधन फाइल, रजिस्ट्री आणि नेटवर्कवरील हालचाली नोंदवते. प्रोग्राम बंद होण्याच्या क्षणापासून मागे वाचत जायचे. ‘नाव सापडले नाही’ अशा शेकडो ओळी दिसल्या तरी घाबरायचे कारण नाही. प्रोग्राम एकच फाइल अनेक फोल्डरमध्ये शोधतो, त्यामुळे असे नकार नेहमीचेच असतात. शेवटपर्यंत कुठेच न सापडलेली फाइल महत्त्वाची.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

चूक प्रोग्रामच्या आतल्या हिशोबात असेल तर ती खिडकीवर दिसत नाही. त्यासाठी डीबगर लागतो. नोंद ठेवताना प्रोग्राम बराच मंदावतो, त्यामुळे गर्दीच्या वेळी चालू सर्व्हरवर हा प्रयोग करू नये. शिवाय नोंदीत फाइलींची नावे, कागदपत्रांतील मजकूर, प्रसंगी पासवर्डही उमटू शकतात. ती मदतीसाठी कोणाला पाठवण्याआधी स्वतः वाचून घ्यावी.

मग मशीन बदलायचे की नाही?

फाइल सापडत नसेल तर ती फाइल किंवा योग्य लायब्ररी पुरवली की काम होते. परवानगी नसेल तर नेमकी तीच परवानगी तपासावी, सरसकट ‘अॅडमिन’ अधिकार देऊ नयेत. ‘अशी सेवाच नाही’ हे उत्तर असेल आणि प्रोग्रामकडे जुना मार्गही नसेल, तर मात्र नवी प्रणाली घ्यावी लागते किंवा त्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती वापरावी लागते. तीनपैकी दोन कारणांत हार्डवेअरवर खर्च करण्याची गरज नसते.

अर्थात, प्रोग्राम पुन्हा चालू झाला म्हणजे संगणक सुरक्षित झाला, असे नाही. आधार संपलेल्या प्रणालीतील नव्या त्रुटी उघड्याच राहतात, आणि इंटरनेटला जोडलेल्या मशीनसाठी तो धोका रोजचा आहे. प्रणाली बदलण्याचा निर्णय त्यासाठी घ्यावाच लागेल. पण तो सुरक्षेचा विचार करून घ्यावा. एका न वाचलेल्या नकारामुळे घाईघाईने खरेदी करण्याची गरज नाही.