जुना संगणक आणि जुना अनुस्वार

मराठी विभागांतून संगणकाविषयी एक चमत्कारिक समज रूढ आहे. संगणक मंद चालू लागला की तो 'जुना झाला' असे म्हणावयाचे, आणि जुना झाला की त्याचे निर्लेखन करून नव्याची मागणी नोंदवावयाची. ग्रंथालयातील पुस्तकाला हा न्याय आपण लावत नाही. पाने सुटली तर त्याची बांधणी पुन्हा करून घेतो. आमच्या विभागापुढे हा प्रश्न उभा राहिला तो छायाचित्रांच्या संस्करणामुळे. काही जुन्या मासिकांचे आणि साठोत्तरी अनियतकालिकांचे अंक आम्ही कॅमेऱ्याने टिपून घेत आहोत, आणि ती छायाचित्रे नीट करण्यासाठी हाताशी आहे तो तिसऱ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा डेस्कटॉप. मेमरी ४ जीबी, आणि ५०० जीबीची फिरती हार्डडिस्क. तो मोडीत काढावा, असे खरेदी समितीचे मत पडले. आमचे मत निराळे आहे, आणि त्याचा संबंध काटकसरीशी थोडा व वाङ्मयाभ्यासाशी अधिक आहे.

प्रथम मंदपणाचे कारण पाहू. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन घटक. प्रत्येक घटकाला १६ बिट, म्हणजे २ बाइट दिले, तर एकच चित्र उघडताक्षणी सुमारे १४४ एमबी जागा अडवते. त्यावर पाच थर चढवले की ७२० एमबी, आणि केलेला बदल मागे घेता यावा म्हणून जपलेल्या आधीच्या अवस्था निराळ्याच. ४ जीबीतील बराच भाग संचालन प्रणालीनेच व्यापलेला असतो. जागा संपली की उरलेला ऐवज हार्डडिस्कवर ठेवला जातो आणि लागेल तसा परत आणला जातो. तेथे एक यांत्रिक सुई फिरत्या तबकडीवर जागा शोधत हिंडते. प्रोसेसर बिचारा तिची वाट पाहत स्वस्थ बसलेला असतो. तेव्हा दोष त्याचा नव्हे. मेमरी १६ जीबी केली आणि हार्डडिस्कच्या जागी साटा जोडणीची एसएसडी बसवली, तर हाच संगणक या कामाला पुरेसा होतो. मात्र प्रणाली ३२ बिटांची असेल तर वाढवलेली मेमरी तिला दिसतच नाही, ६४ बिटांची घालावी लागते. कार्यालयीन संगणकांत ही अडचण फार आढळते.

उरलेला पैसा कशावर खर्चावा? आमचे उत्तर: पडद्यावर. विभागांतून सर्रास दिसणारे जुने स्वस्त मॉनिटर टीएन जातीचे असतात. मान थोडी वर-खाली केली की त्यांवरील करड्या छटा बदलतात. पत्र टंकताना ते खपून जाते. पिवळ्या पडलेल्या कागदावरची सायक्लोस्टाइलची फिकट शाई पाहताना खपत नाही. आयपीएस पडदा येथे चैन ठरत नाही.

आता मुख्य मुद्दा. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्यापूर्वीच्या छपाईत तें आणि ते, केलें आणि केले हे भेद होते. नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांतील फरक त्या एका टिंबावर उभा होता. नियम झाल्यावरही काहींनी टिंबे सोडली, काहींनी बराच काळ राखली. कोणी केव्हा सोडली, हा भाषेच्या अभ्यासकाला पुरावा आहे. ४० सेंटिमीटर रुंदीची जोडपाने एका छायाचित्रात घेतली, तर अर्ध्या मिलिमीटरचा अनुस्वार जेमतेम सात-आठ ठिपक्यांचा भरतो. कागदावरचा धुळीचा कण, वाळवीचे बारीक भोक, मागच्या पानावरून उमटलेली शाई, ही सारी त्याच मापाची. चित्र 'स्वच्छ' करणाऱ्या डिस्पेकलसारख्या चाळण्यांना यांतला भेद कळत नाही. एका टिचकीने पान लख्ख होते आणि 'तें'चे 'ते' होते. वेगवान संगणकावर हे अधिक वेगाने होते, एवढेच.

म्हणून छायाचित्राचे संस्करण हे आमच्या लेखी पाठचिकित्सेचेच एक अंग आहे. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्णतेस नेलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्याज्य ठरलेला पाठ नष्ट केलेला नाही, तो तळटीपेत जपला आहे. कॅमेऱ्यातून आलेली मूळ रॉ फाइल अस्पर्श ठेवणे आणि सगळे बदल निराळ्या थरांत करणे, हीच ती शिस्त. तिला मेमरी लागते, जागा लागते, चांगला पडदा लागतो. अद्ययावत यंत्र लागतेच असे नाही.

विरुद्ध बाजूचा सबळ मुद्दा आहे, तो टाळून चालणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती व इंटेलची साधारणतः आठवी पिढी लागते. चालत्या यंत्राला सॉफ्टवेअरने ठरवलेले हे मरण आहे. आम्ही लिनक्सकडे वळण्याच्या बाजूचे आहोत. मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० मध्ये चाळणीचा परिणाम मूळ थराला धक्का न लावता देता येतो, आणि रॉ फाइलींसाठी डार्कटेबल आहे, दोन्ही विनामूल्य. फोटोशॉप लिनक्सवर चालत नाही, आणि त्याला सरावलेल्या सहकाऱ्यांचा विरस होतो, हे खरे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने कण काढणाऱ्या सुविधा ज्यांना हव्यात, त्यांनी ग्राफिक्स कार्डासह नवे यंत्र खुशाल घ्यावे. आम्हाला त्या नको आहेत; कारण वर आलेच आहे.

आमच्या मागणीपत्रात तूर्त एवढेच आहे: ८ जीबीच्या दोन डीडीआर-३ मेमरी पट्ट्या, एक एसएसडी, एक आयपीएस मॉनिटर, प्रती ठेवण्यासाठी दोन बाह्य डिस्क (एक विभागात, एक दुसऱ्या इमारतीत), आणि मदरबोर्डवरचा एक नाण्याएवढा सेल. हा सेल संपला की इंटरनेटशी न जोडलेला संगणक प्रत्येक वेळी कुठल्या तरी भलत्याच वर्षात जागा होतो आणि संस्कारित फाइलींवर तीच तारीख पडते. अंकांच्या प्रकाशनवर्षांवरून वाद घालण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना याचे गांभीर्य सांगावयास नको. खरेदी समितीने मात्र बाकीचा तक्ता न वाचताच पुढे केला आणि खुलासा मागितला तो या सेलचा.